पंधरा किलोंचा नवस

माझं वजन एकशे चार किलो झालंय हे मला डॉक्टरांच्या आधी रताळ्याच्या काट्यानं सांगितलं. बेळगुंदीला आमच्या घराच्या पडवीत पोती मोजायचा काटा आहे, लाल आकडे दाखवणारा. रताळी निघाली की अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्यावर एकेक पोतं चढवतो. एका रविवारी गंमत म्हणून मी त्यावर उभा राहिलो. अण्णानं आकडा वाचला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "दोन पोती भरतील की रं." वहिनी पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो. पण परतीच्या बसमध्ये दोन माणसांच्या बाकावर माझ्या शेजारी कुणी बसेना, तेव्हा हसू आलं नाही.

बेळगावातल्या एका मराठी हायस्कुलात मी गणित शिकवतो. माझं वय तेव्हा एक्कावन्न होतं. माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. जिना चढून आत गेलो की आधीच स्वच्छ असलेला फळा मी पुन्हा एकदा सावकाश पुसायचो, दम खाली बसेपर्यंत. पोरांना वाटायचं सर टापटिपीचे आहेत. शेवटी गुडघ्यानं हात टेकले म्हणून दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई कानडी, वयानं माझ्या निम्म्या. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "स्वल्प कम्मी माड्री, सर." थोडं कमी करा. थोडं म्हणजे किती, असं विचारल्यावर त्यांनी चिठ्ठीवर पंधरा किलो लिहून खाली दोन रेघा मारल्या. मग वडिलांचं विचारलं. आमचे आप्पा चोपन्नाव्या वर्षी शेताच्या बांधावर बसल्या जागी गेले, असं सांगितलं तेव्हा बाईंनी तिसरी रेघ मारली.

त्याआधी मी काही केलं नव्हतं असं नाही. मुलानं फोनमध्ये पावलं मोजायची सोय करून दिली होती. मी फोन टेबलावर विसरून फिरायला जायचो आणि संध्याकाळी शून्य पावलं बघून चिडायचो. आठ दिवस भात सोडला, नवव्या दिवशी आठही दिवसांचा एकदम खाल्ला. महागाचे बूट आणले, ते घालून रोज स्कूटरपर्यंत चालत गेलो. शिवाय एकदा तोंडातून वजनाचा विषय निघाला की भेटेल तो माणूस वैद्य. कुणी मेथीचं पाणी सांगे, कुणी कच्चा दुधी. शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांनी मला शिकवून घेतलं आणि मधल्या सुट्टीत वाढदिवसाचा केकही त्यांनीच भरवला.

घरात मी कसाबसा तग धरायचो. पाव्हणा म्हणून कुठं गेलो की संपलं. आमच्याकडं पाव्हण्यानं एकदाच वाढून घेतलं तर घरच्या बाईला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. "पुरे" या शब्दाचा अर्थ आमच्या भागात "अजून थोडं" असा होतो. पोट भरलंय म्हणावं तर हसतात, आणि डॉक्टरांनी नको म्हटलंय म्हणावं तर डॉक्टरांचा उद्धार होतो.

त्या वर्षी गावच्या देवीच्या जत्रेत नेमकं हेच झालं. सोप्यात पंगत बसलेली. मी भिंतीला टेकून, एक पाय लांब सोडून बसलो होतो, कारण मांडी घालता येत नव्हती. समोर माझी आक्का बसलेली. ही आम्हा भावंडांत सगळ्यांत मोठी, कोगनोळीला दिलेली. आई लवकर गेली तेव्हा माझी वेणीफणी सोडून बाकी सगळं तिनंच केलं. तिची एकुलती एक लेक, माझी भाची, बेळगावात बँकेत नोकरीला आहे, ती पाण्याचा तांब्या घेऊन फिरत होती. वहिनी मटणाचं पातेलं घेऊन माझ्यापाशी आली आणि मी ताटावर आडवा हात धरला.

"एवढ्यानं काय हुतंय, भावजी?"

"नको वहिनी. डॉक्टरनी सांगितलंय."

"डॉक्टरला काय," अण्णा पलीकडून म्हणाला, "त्याला समद्यांचंच वजन जास्त दिसतंय. वाढ गं तू."

पळी खाली येऊ लागली. वास असा सुटला होता की अजून एक क्षण गेला असता तर मी हात मागं घेतला असता. मला राग आला, वहिनीचा नाही, स्वतःचा. आणि त्या रागात मी बोलून गेलो, "नवस हाय माजा."

पळी जागच्या जागी थांबली. वहिनीनं पातेलं मागं घेतलं आणि हात कपाळाला लावून देवीला नमस्कार केला. आग्रह नाही, थट्टा नाही, काही नाही. इतकी वर्षं मला हा शब्द सुचला कसा नाही, याचंच नवल वाटलं. तब्येतीला आमच्याकडं कुणी मानत नाही, नवसाला सगळे मानतात.

"कुठवर हाय?" अण्णानं विचारलं. माझ्या डोळ्यांपुढं ती चिठ्ठी आली, खालच्या तीन रेघांसकट. "पंधरा किलो उतरंपतुर. मटण न्हाय, तळलेलं न्हाय, गोड न्हाय." अण्णा मोठ्यानं हसला, "आता देवीनं बी काटा ठेवलाय व्हय?" पण बाकी कुणी हसलं नाही. देवासाठी देह झिजवणं लोकांना पटण्यासारखं होतं.

"कशापायी बोललास?" आक्कानं हळूच विचारलं.

"ते सांगायचं नसतंय," मी म्हणालो. यापेक्षा वाईट उत्तर मला शोधूनही सापडलं नसतं. आक्कानं माझ्याकडं बघितलं, मग दाराशी उभ्या असलेल्या आपल्या लेकीकडं बघितलं. लेकीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. कोल्हापूर झालं, बेळगाव झालं, सुया, गोळ्या, सोनोग्राफी सगळं झालं होतं. आक्काचे डोळे भरून आले. तिनं ते पदरानं पुसले आणि भाकरी कुस्करायला लागली.

निघताना तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. "एवढं कोण करतंय रं," एवढंच म्हणाली. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. आक्का, तसं काही नाही, मी मटण चुकवायला थाप मारली, असं म्हणायला किती वेळ लागला असता? पण मागं माणसं उभी होती, तिचं तोंड उजळलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला ती थाप सोयीची होती. मी मान हलवली आणि गाडीत बसलो.

त्या दिवसापासून माझं वजन उतरायला लागलं.

यात देवीचा हात किती आणि भीतीचा किती हे मला सांगता येत नाही. आधी मी कुणाला जबाब देणं लागत नव्हतो. आता भजी उचलताना कोगनोळीत बसलेली आक्का दिसायची. स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी निरोप समारंभाची जिलेबी आली तर मी म्हणायचो, "नवस आहे," आणि कानडी शाळेतून आलेले पाहुणेसुद्धा मान झुकवून ताट पुढं न्यायचे. स्कूटर मी मुलाला देऊन टाकली आणि शाळेला चालत जायला लागलो, जाऊन-येऊन पाच किलोमीटर. पहिले आठ दिवस गुडघ्यानं आईबाप आठवून दिले. बायकोनं रात्रीचं जेवण साडेसातला आणलं, माझ्या ताटात एक भाकरी, भरपूर पालेभाजी आणि वाटीभर आमटी वाढायला लागली आणि मी कुरकुरलो की म्हणायची, "देवीला सांगा." तिला खरं काय ते माहीत होतं. ती एकटीच मला नवसावरून चिडवायची.

दर रविवारी सकाळच्या बसनं बेळगुंदीला जायचं आणि काट्यावर उभं राहायचं. पहिल्या महिन्यात चार किलो गेले. मी गावभर ऐटीत फिरलो. दुसऱ्या महिन्यात अर्धा किलो. एका रविवारी तर सातशे ग्रॅम वाढलेच. काहीही वावगं खाल्लं नव्हतं, चालणं चुकलं नव्हतं, आणि वाढले. मी इतका संतापलो की काटा खराब आहे म्हणून अण्णाशी भांडलो. त्यानं शांतपणे पन्नास किलोचं पोतं काट्यावर ठेवून दाखवलं. काटा बरोबर होता.

त्या रात्री मी शाळेतला आलेख कागद काढला. दहावीच्या पोरांना मी वर्षानुवर्षं सांगत आलोय की एका बिंदूवरून रेघ कळत नाही. स्वतःच्या वजनाचे बिंदू मांडले तेव्हा ते मला पहिल्यांदा पटलं. रेघ वर-खाली उड्या मारत होती, पण तिरकी होऊन खाली निघाली होती. मग मी ठरवलं, दर रविवारी आकडा लिहायचा, पण रागवायचं किंवा खूष व्हायचं ते चार रविवार झाल्यावर. चार आकड्यांची सरासरी आधीच्या चारांपेक्षा कमी असली की पुरे. कधी ती किलोभर कमी असायची, कधी तीनशे ग्रॅम. रताळी निघाली तेव्हा मी पोत्यांच्या रांगेत माझी पाळी येईतो थांबायचो. अण्णा पोत्यांचे आकडे म्हणून दाखवता दाखवता त्याच सुरात माझाही म्हणायचा. अठ्ठ्याण्णव. दिवाळीला तर मला मांडी घालून फराळाला बसता आलं, फराळ न खाता.

काट्यावरून उतरलो की कोगनोळीला फोन. आक्का वाट बघत असायची. पूर्वी फोनवर तिचं अर्धं बोलणं तोंडातच राहायचं, कारण तिला मिश्रीचं व्यसन. त्या भागात तंबाखू घरोघर, ती तव्यावर जाळून बारीक पूड करायची, पत्र्याच्या डबीत भरायची आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ दाताला लावत बसायची. चाळीस वर्षं तेच. तोंड उघडलं की सांडेल म्हणून ती हुंकारावर बोलायची. आता मात्र फोनवर तिचा शब्दन् शब्द कळायला लागला होता. भाचीनं तिला नवा फोन दिला होता, त्याचा आवाज चांगला असेल असं मला वाटलं.

"किती झालं रं?"

"पंच्याण्णव."

"म्हंजे नऊ उतरलं. ऱ्हायलं सहा." गणिताचा मास्तर मी, पण वजाबाकी तिची जास्त पक्की. "बघती हाय देवी. सोडू नगस."

संक्रांतीनंतर मी तिच्याकडं गेलो. ब्याण्णववर आलो होतो. तिनं मला दारातच थांबवलं, चारी बाजूंनी फिरून बघितलं आणि दाजींना हाक मारून दाखवलं, जसं काही मी कुस्ती मारून आलो होतो. आत माजघरात खाली पसरलेली एक वाकळ होती. आमच्याकडं जुन्या लुगड्यांचे थर शिवून गोधडी करतात ती वाकळ. पण ही हातभर लांबीची होती. आक्कानं सगळ्यांत मऊ पातळ निवडलं होतं, आईचं. मी ते ओळखलं.

"तुजं तीन किलो ऱ्हायलं न्हवं," ती म्हणाली, "म्हटलं आता हात लावावा. येळ लागतोय धाग्याला."

इतके महिने मला वाटत होतं की ती आशेवर आहे. तिचा तर हिशेबच पुरा झाला होता. मामाचे पंधरा किलो उतरले की लेकीची कूस उजवणार. माझी खोटी गोष्ट तिनं खऱ्या टाक्यांनी शिवायला घेतली होती. मी पंधरावर पोचेन आणि काही होणार नाही, त्या दिवशी या बाईचं काय होईल, हा विचार पहिल्यांदा मनात आला आणि मग तो काही केल्या हलेना.

मी निपाणीच्या स्टँडवर उतरून बसची वाट बघत भजी खाल्ली. दोन प्लेटा. भूक नव्हती.

पुढचा महिना-दीड महिना मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. वजन उतरू नये म्हणून मी खाल्लं. ज्या माणसानं आठ महिने जिलेबीकडं बघितलं नाही, तो शाळा सुटल्यावर गल्ल्या बदलून ओळखीचं कुणी येणार नाही अशा हॉटेलात जायचा आणि मिरची भजी मागवायचा. मला एवढाच हिशेब सुचला होता. पोचलोच नाही तर आक्काची आशा मोडणार नाही. रविवारी काटा ब्याण्णव दाखवायचा, नंतर त्र्याण्णव दाखवायला लागला. मी फोनवर म्हणायचो, "तेवढंच हाय." आक्का म्हणायची, "असू दे. हुतंय हळूहळू. तू दमू नगस." ती चिडली असती तर बरं झालं असतं.

एका शनिवारी त्या हॉटेलात माझ्या पुढ्यात प्लेट आली आणि समोरच्या खुर्चीवर भाची येऊन बसली. बँकेतल्या मैत्रिणींसाठी ती पार्सल घ्यायला आली होती. तिनं प्लेटकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"मामा, नवस मोडलास?"

मी सगळं सांगितलं. मटणाची पळी, थाप, आक्काचे डोळे, वाकळ, भजी. अगदी ब्याण्णवचे त्र्याण्णव झाल्याचंही. ऐकता ऐकता ती हसायला लागली. इतकी हसली की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मग तिचं हसू तसंच रडण्यात गेलं आणि तिनं चेहरा ओढणीत लपवला. मी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

"आई दर महिन्याला मला फोन करत्या," ती म्हणाली. "मामाचं एवढं उतरलं, तुजं काय? काय सांगू मी तिला? आम्ही ते सगळं बंद करून वर्ष झालं, मामा. पुरे झालं म्हटलं. दोघांनी मिळून मूल दत्तक घ्यायचं ठरवलंय. नाव घातलंय, कागद दिलेत, चौकशीला बाई घरी येऊन गेली. रांग आहे, थांबायला लागतंय. आईला सांगायला गेले की ती म्हणत्या, थांब की, मामाचा नवस पुरा होऊ दे."

म्हणजे माझ्या एका थापेनं दोन घरं थांबली होती. मी म्हणालो, उद्याच कोगनोळीला जातो आणि आक्काला सांगतो.

"असं न्हाय जायचं," भाची म्हणाली. आता ती अगदी आक्कासारखी दिसत होती, पाय रोवून बसलेली. "अर्ध्यावर सांगितलास तर तिला जन्मभर वाटंल की मामानं नवस मोडला म्हणून माझ्या लेकीला मूल झालं न्हाय. ती तुला बोलणार न्हाय, पण तिला तसंच वाटंल. आधी पंधरा पुरे कर. मग आपण दोघं जाऊ." तिनं प्लेट आपल्याकडं ओढली आणि माझी मिरची भजी मजेत खायला लागली.

मी त्या संध्याकाळी घरी चालत आलो. चार किलो राहिले होते. आत्तापर्यंत मी लोकांच्या आग्रहाला घाबरून, आक्काला घाबरून, डॉक्टरीणबाईंच्या रेघांना घाबरून वजन उतरवत होतो. आता प्रथमच मला ते उतरवायचं होतं. खरं बोलायला जायचं तर त्या दारात काम पुरं करून जावं लागणार होतं. पहाटे उठून शाळेच्या आधी अर्धा तास जास्त चालायला लागलो. जिना दोनदा चढायचो, एकदा कामासाठी आणि एकदा उगाच. आलेखावरची रेघ महिनाभर अडली, एकदा वर गेली, मग पुन्हा वाकली. मी काट्याशी भांडलो नाही. साडेतीन महिने लागले. ज्या रविवारी लाल आकडा एकोणनव्वदवर थांबला, त्या दिवशी अण्णा म्हणाला, "उतर, पुन्यांदा चढ." मी पुन्हा चढलो. तेवढाच होता. वहिनीनं देवापुढं दिवा लावला आणि मला मटण करू का म्हणून विचारलं.

पुढच्या रविवारी मी आणि भाची कोगनोळीला गेलो. आक्कानं नवस फेडायचं आधीच ठरवून ठेवलं होतं, जेवढं वजन उतरलं तेवढा गूळ देवीला. निपाणीहून पंधरा किलो गूळ घेतला आणि कोगनोळीत बसमधून उतरल्यावर रिक्षा होती तरी खांद्यावरून मीच तिच्या दारापर्यंत नेला. पोचेपर्यंत खांदा मोडून आला. एवढं मी रोज दुसऱ्या मजल्यावर नेत होतो.

आक्का उंबऱ्याच्या आत बसली होती. पुढ्यात ती वाकळ होती, तीन बाजू शिवून झालेली. मी गूळ खाली ठेवला, पाणीही घेतलं नाही, आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"आक्का, त्यो नवस खोटा हुता. मटण चुकवायला बोललो मी. तुज्या लेकीसाठी काय मागितलंच न्हवतं."

तिची सुई तशीच हातात राहिली. भाची तिच्या जवळ बसली आणि तिनं आपलं सांगितलं, सगळं, हळूहळू. औषधं बंद केल्याचं, दत्तकाचं, रांगेचं. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. मला वाटलं आता आक्का रडेल.

ती माझ्यावर कडाडली. "देवीचं नाव घिऊन खोटं बोललास? मास्तर हैस न्हवं तू? आनि मी येडी, तुज्यापायी चाळीस वर्साची डबी उकिरड्यावर फेकली!"

"कुठली डबी?" मी विचारलं.

"मिश्रीची, दुसरी कुठली!"

आणि मग मला कळलं की त्या घरात जळक्या तंबाखूचा वास येत नाही. संक्रांतीलाही येत नव्हता. फोनवर तिचा शब्द स्पष्ट येत होता, तो फोनमुळे नाही.

"जत्रंच्या रातीलाच टाकली," आक्का म्हणाली. आता आवाज खाली आला होता. "म्हटलं ह्यो माज्या लेकीसाठी तोंड बांधून बसलाय, तर ह्याच्यासाठी कोण बसनार? आप्पा चोपन्नाव्या वर्सी गेलं. तू एक्कावन्नाचा झालास, त्यांच्यागतच फुगलेला. देवीला म्हटलं, ह्याला चोपन्नाच्या फुडं ने, मी परत डबीला हात लावनार न्हाय. पंधरा दीस डोस्कं फुटायची पाळी आलती. दाजींस्नी विचार."

मी गुळाशेजारी खाली बसलो. आईच्या मागं जिनं मला वाढवलं, तिनं पुन्हा एकदा गुपचूप तेच केलं होतं, आणि मी फोनच्या कंपनीला शाबासकी देत होतो. डोळ्यांतलं पाणी लपवायचा मी प्रयत्न केला नाही.

"चूक झाली, आक्का," मी म्हणालो.

"झालीच. माजा नवस मातुर खरा हाय. तुला आता बावन्न सरलं. चोपन्नाला अजून अवकाश हाय. तवर एक किलो जरी वर गेलास तर बघ." तिनं गुळाचा एक खडा फोडला, माझ्यापुढं धरला, मग विचार बदलून त्यातला अर्धा परत ठेवला. उरलेला मी खाल्ला. तेरा महिन्यांनंतरचा पहिला गोड घास होता.

आक्का मांडीवरच्या वाकळीवरून हात फिरवत होती. मी तिच्याकडं बघायचं टाळत होतो, कारण तिची आशा मोडायची तर त्या वाकळीवरच मोडणार होती. शेवटी तिनं लेकीला विचारलं, "केवढं असंल गं त्ये?"

"काय?"

"प्वार. केवढं देत्यात?"

"सांगता येत न्हाय, आई. सहा महिन्यांचं असंल, दोन वर्षांचं बी असंल. चालतंबोलतं."

आक्कानं वाकळ उचलून समोर धरली. ती जेमतेम हातभरच होती. तिनं ती उलटी केली, दातानं गाठ तोडली आणि शिवलेली एक बाजू उसवायला घेतली.

"मग पाय भाईर येतील की त्येचं," ती म्हणाली. "त्या टरंकंतनं माजं हिरवं लुगडं काढ गं. आनि तू हितं ये रं मास्तर, ही कड धर."

मी मांडी घालून तिच्या समोर बसलो आणि वाकळीची कड धरली.